आंबट मुळावरची डाळिंबं

बाई, फळ उतरलं. आणि गोड आहे.

आधी हेच सांगून टाकते, कारण तुम्हाला धीर कधीच नव्हता. कोणी काही सांगायला घेतलं की तुम्ही मधेच "मंग शेवटी काय झालं थे सांग" म्हणून मोकळ्या व्हायच्या. तर झालं ते असं. खालच्या वावरातली डाळिंबं काल आणि परवा तोडली, अंगणात ताडपत्रीवर ढीग घातला आणि पहिलं फळ मी फोडलं. खरं तर तुमच्या भावांनी फोडायला पाहिजे होतं, पण त्यांचा हात काही पुढे होईना. दाणे लालभडक. चार तोंडात टाकले आणि मला आधी रागच आला. इतकं गोड फळ, आणि तुम्ही ते न खाता गेल्या? एवढी कसली घाई? वरुडची शेवटची गाडी सुटून राहिली होती काय?

वावर राहतं की वीटभट्टीला जातं, ते मात्र अजून ठरलेलं नाही. फळ गोड निघालं म्हणजे वावर वाचलं असं होत नाही, हे मलाही आत्ता कळतं आहे. तुमचे भाऊ तुम्ही गेल्यापासून गप्प आहेत. आधीच कमी बोलणारा माणूस, आता तर घरात आहे की नाही ते खोकल्यावरून कळतं.

सुजाता म्हणाली, आई, मनात आहे ते लिहून काढ, पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचू. लेक शिकलेली, तिचं ऐकावं लागतं. पण लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतल्या मास्तरणीसारखी होते. तुम्ही असत्या तर म्हटलं असतं, "काहून वं मंदा, कोनाले अर्ज लिवून राहिली?" हसा. आज तुम्हाला सगळं माफ आहे. उद्यापासून नाही.

लोक अशा वेळी जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे वाचून दाखवतात. ते मी गाळते. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुम्हाला त्यात काडीचा रस नव्हता. मी आपल्या भांडणाचं लिहिते. नणंद-भावजयीची भांडणं लोकांच्या घरी मानपानावरून होतात, दागिन्यावरून होतात. आपलं झालं ते डाळिंबाचं रोप कसं तयार करायचं यावरून, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी तरी मिटवलेलं नाही.

तुम्हाला शेंदूरजनाघाटला दिलं, संत्र्याच्या नर्सरीच्या घरात. सून म्हणून गेल्या आणि मालकीण झाल्या. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरून डोळा काढायचा, त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा, हे काम तुम्ही इतक्या झपाट्यानं करायच्या की बघणाऱ्याला पहिला डोळा बसलेला दिसेपर्यंत तुम्ही तिसऱ्या रोपावर. आणि त्याचा गर्व किती! "वरुडपासून मोर्शीपावतर माया हातचे झाडं उभे हाय," हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकत आले. कमरेला कायम चाकू. एकदा दर्यापूरच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, मावशी, हे काय? तर तुम्ही म्हटलं, "डोळे काढाचा चाकू हाय." बिचारा पुन्हा तिकिटाचं विचारायलासुद्धा आला नाही.

वरच्या वावरात मी डाळिंब लावायचं ठरवलं तेव्हा तुम्हाला विचारलं नाही. कशाला विचारू? संत्र्याच्या माणसाला डाळिंबातलं काय कळतं? अकोटकडे माझ्या मावसभावाची भगवा डाळिंबाची बाग होती. त्यानं झाडावरच गुट्या बांधून दिल्या. पेन्सिलीएवढ्या फांदीची साल बोटभर गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं, पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळ्या फुटतात, मग फांदी कापून पिशवीत लावायची. आईच्याच अंगाचं लेकरू. आईसारखं फळ, आणि लवकर फळ. यात चुकीचं काय आहे, तुम्हीच सांगा.

तुम्ही आल्या, पिशव्यांच्या रांगेपुढे उकिडव्या बसल्या, एक पिशवी फाडली (माझी पिशवी, न विचारता!) आणि मुळ्यांचा झुपका बोटांत धरून म्हटलं, "हे मुळं हाय का दाढी?"

"बाई, डाळिंबाले अशेच मुळं असतात."

"गुटीले असतात. बीच्या झाडाले सोटमूळ असते, थे खाली जाते. हे वरच्यावर पसरन. पानी साचलं का सडन."

"मंग काय बी लावू? बीचं झाड आईसारखं येत नाई. कसंबी फळते."

"बी लाव आन त्याच्यावर तुया भगव्याची काडी बांध. पाचर कलम. बी गावठी आंबट डाळिंबाचं घे. विहारामागं उभं हाय ना."

बाई, मी कमरेवर हात ठेवून उभीच राहिले. बुद्धविहारामागचं ते झाड! त्याची साल बाया खोकल्याला उगाळतात, एरवी शेळीसुद्धा त्याच्या फळाला तोंड लावत नाही. आंबट मुळावर गोड फळ येणार म्हणे. मी तसं म्हटलंसुद्धा.

"संत्रा गोड लागते का तुले?" तुम्ही विचारलं.

"लागते."

"जंबेरी खाल्ली कधी? दात आंबतात. अख्खा वरुड तालुका जंबेरीच्या मुळावर उभा हाय, आन तू मले आंबट शिकवून राहिली?"

मी चहा ठेवायला आत गेले. चहात साखर मुद्दाम कमी टाकली. तुम्ही तो पिऊन "चांगला झाला" म्हटलं, तेव्हा तर माझा आणखीच जळफळाट झाला.

त्यात सुजाता अकोल्याहून तिसरंच घेऊन आली. टिश्यूची रोपं. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, बोटाएवढी, सगळी एका मापाची. आई, ही मुळात स्वच्छ असतात, रोपासोबत तेल्या रोग घरात येत नाही, असं तिचं म्हणणं. तुम्ही त्या रोपांकडे वाकून बघितलं आणि म्हटलं, "माय वं, ह्यायले दूध पाजा लागते का?" आत्या-भाचीची तिथंच जुंपली.

एकीकडे बायको, एकीकडे बहीण, एकीकडे लेक. तुमच्या भावांनी वरच्या वावराचे तीन पट्टे पाडले, खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, "लावा आपापलं." दिवसभरात तेवढंच बोलले.

मग ते खोडाचं प्रकरण. ते मी आजही सोडलेलं नाही. झाडं कमरेएवढी झाली होती. मी चार दिवस माहेरी गेले आणि तुम्ही माझ्या गुटीच्या पट्ट्यात चाकू घेऊन शिरल्या. येऊन बघते तर एकेक झाड एका खोडावर! बुडातून फुटलेले सगळे फुटवे साफ, खोडाला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, निळा लेप, आणि झाडं ओळीत उभी, थेट शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेसारखी. डाळिंब तीन-चार खोडांवर ठेवतात हो! सगळं जग ठेवतं!

"झाड हाय का खराटा?" तुम्ही म्हटलं. "एका बुडातून धा काड्या. मी झाडासारखं झाड करून देल्लं तुले."

"न इचारता?"

"इचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं?"

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी येऊन भाकरी थापायला बसल्या आणि तव्याकडे बघत म्हटलं, "फुटवे तर पुन्ना येतेतच. अर्ध्या रांगा तुया मतानं ठेव. पाहू आपन." तुमच्याकडून माफी म्हणून एवढंच मिळायचं हे मला तोवर कळलं होतं, म्हणून मी गरम भाकर तुमच्या ताटात आधी टाकली.

पुढे खोडकिडा आला. तुमच्या एकखोडी झाडांना भोकं पडली आणि अख्खी झाडं वाळली. माझ्या चारखोडी झाडाचं एक खोड गेलं, तीन राहिली. मी तुम्हाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे घरादारानं ऐकावं. तुम्ही म्हटलं, "संत्र्यात असं होत नाई." बाई, तेच तर मी सांगत होते! संत्रा संत्रा आहे, डाळिंब डाळिंब आहे!

आणि पहिला बहार मी जिंकला. हे सगळ्यांनी ऐका. गुटीची झाडं सगळ्यात आधी फळली, फांद्या जमिनीला टेकल्या. सुजाताची टिश्यूची रोपं त्यांच्या मागोमाग, फळं एका मापाची, एका रंगाची, दुकानात मांडल्यासारखी. आणि तुमच्या कलमांवर? चार इथं, दोन तिथं. मी तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. तुम्ही माझं एक फळ हातावर तोललं, म्हटलं, "लहान हाय." मग कलमाचं एक तोललं आणि नुसतं माझ्या हातात दिलं. जड होतं. माझी निम्मी फळं पाणी मागेपुढे झाल्यामुळं तडकली होती, कलमाचं जाड सालीचं होतं, कुठं चीर नाही. तरी मी म्हटलं, चार फळांनी बाजार होतो काय? आणि गावभर मिरवून आले.

त्यानंतर तो ओला पावसाळा. वरच्या वावराच्याही खालच्या अंगाला पाणी थांबलं. माझ्या पट्ट्यात एक झाड पिवळं पडलं, मग शेजारचं, मग रांगच्या रांग. मर लागली. उपटून बघितलं तर मुळ्या काळ्या, चोळल्या की साल हातात. राहिलेल्यांच्या फळांवर तेल्याचे डाग. मावसभावाच्या बागेतूनच गुटीसोबत आला असणार, सुजाता म्हणाली, आणि तिच्यावर ओरडावं तरी कसं, तिची स्वतःची काही गेली, पण बरीच राहिली होती. तुमची कलमं त्याच पाण्यात, शेजारच्याच पट्ट्यात. उभी.

ते बघायला तुम्ही तीन गाड्या बदलून आल्या. मला वाटलं, झालं, आता जन्मभर ऐकावं लागणार. तुम्ही बांधावर उभ्या राहून माझा पट्टा बघितला, पदर खोचला आणि माझी वाळलेली झाडं उपटायला लागल्या. मी एका ओळीत, तुम्ही शेजारच्या ओळीत, दिवस मावळेपर्यंत. एक शब्द नाही. मला रडू येत होतं आणि तुम्ही माझ्याकडे बघत नव्हत्या, ते तुम्ही मुद्दाम करत होत्या हे मला कळत होतं. घरी येऊन हात धुताना मात्र राहवलं नाही तुम्हाला. "दाढीच होती," तुम्ही म्हटलं. आणि मी रडता रडता हसले हो. मला तुमचा तेव्हा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी तांब्या तुमच्या अंगावर उपडा केला.

मग वीटभट्टीवाला आला. तो दर हिवाळ्यात चक्कर मारायचाच. खालचं वावर म्हणजे नाल्याला लागून असलेला तुकडा, पावसाळ्यात पाणी उभं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, विहिरीचं पाणी खारं. कपाशी तिथं पिवळी पडते आणि तूर उभ्या उभ्या वाळते. भट्टीवाल्याला ती काळी माती पाहिजे होती. एकदा माती उचलली की वावर संपलं, मागे उरतो तो खड्डा. पण तुमचे भाऊ थकले होते त्या तुकड्याला. त्या वर्षी ते हो म्हणायच्या बेतात होते.

तुम्ही ऐकलं आणि जेवत्या ताटावरून हात काढला. मला ते बोलणं शब्दाला शब्द आठवतं, कारण भावा-बहिणीत वाटणीचा विषय मी कधी निघालेला ऐकला नव्हता.

"देवा, हक्कसोडीवर सही कोनं केली?" तुम्ही भावाला विचारलं.

"तू केली."

"हासत केली ना? तुले सगळं वावर सोडलं. माती उचलून न्याले नाई सोडलं." मग थोड्या खालच्या आवाजात, "थे तुकडा मले दे. नावावर नको करू. पहिल्या बहारापावतर दे. झाडं फळली नाई तर बोलाव तुया भट्टीवाल्याले, मीच त्याले चहा पाजीन."

त्यांनी मान डोलावली. तुम्ही पुन्हा ताट ओढलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर घसरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीवाल्याला बहार होईपर्यंत थांबायला सांगितलं.

विहारामागच्या झाडाखाली मला उभं करून तुम्ही समजावलं ते मात्र मला पटलं, तेव्हा मी तसं दाखवलं नाही. तुम्ही म्हटलं, हे झाड लावलं कोनं? कोनंच नाही. पानी कोन देते? विहाराच्या बोअरचं धुण्याभांड्याचं, तेही खारं. पावसाळ्यात बुडात डबकं साचते. तरी दरवर्षी फळते. "मंदा, आंबट फळाकडं नको पाहू. त्याचं पोट पाय. काय पचवते थे पाय."

बी तुम्ही जमवलं, रोपं तुम्ही केली. कलमं बांधायची वेळ आली तेव्हा तुमच्या बोटांना मुंग्या यायच्या, साखरेनं. चाकू नीट धरवत नव्हता. तुम्ही तो माझ्या हातात दिला, आणि तोंड दुसरीकडे केलं. मी रोप पुढ्यात ओढलं. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, भगव्याची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची, सालीला साल मिळवून बसवायची, पट्टी आवळायची, वर पिशवीची टोपी. काड्या आपण सुजाताच्या टिश्यूच्या झाडांवरून घेतल्या, तेल्या नको म्हणून. तुम्ही खुर्ची टाकून बसायच्या आणि बोलायच्या. किती बोलायच्या! "तास नीट, काय गाजर सोलून राहिली?" "आवळ, आवळ, पोरीची वेणी हाय का?" मी एकदा चाकू फेकून उठून गेले. अर्ध्या तासानं परत आले, तर तुम्ही चाकू पुसून, धार लावून, माझ्या जागी ठेवला होता.

पहिल्या कलमाला पालवी फुटली तेव्हा तुम्ही शेंदूरजनाघाटला होत्या. मी फोन केला. म्हटलं, बाई, फुटलं. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि तुम्ही म्हटलं, "टोपी काढू नको लगेच." तुम्ही रडल्या होत्या. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

खालच्या वावरात गादीवाफे उंच करायचे तुम्ही म्हटलं, पण नाल्याकडे चर खोदायचा हट्ट माझा. तो माझाच. तुम्ही म्हणायच्या, मूळ चांगलं असलं का चर नाही लागत. मी म्हणायची, मूळ कितीही चांगलं असलं तरी त्याला बुडवून ठेवायचं काय? आणि खोडाचंही सांगते. कलमाच्या बुडातून फुटवे ठेवता येत नाहीत, ते आंबट झाडाचे. म्हणून मी कलम लहान असताना सांध्याच्या वर शेंडा मारला आणि वरच्या वर तीन फांद्या केल्या. तुम्ही आल्या, एका झाडाभोवती फिरल्या, सांधा बोटानं चाचपला, तीन फांद्या मोजल्यासारखं बघितलं. मी वाट बघत होते, आता येतो खराटा. तुम्ही म्हटलं, "चालते." बाई, अख्ख्या आयुष्यात तुमच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पदवी.

आता भांडण उरलं ते हे. खालच्या वावरातली झाडं या पावसाळ्यात उभी राहिली ती तुमच्या मुळामुळं की माझ्या चरामुळं? सुजाता म्हणते, दोन्हींमुळं, आणि काडी स्वच्छ होती म्हणूनही. शिकलेल्या माणसांना असं सगळ्यांना खूश करणारं बोलता येतं. मी म्हणते, चर. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, आणि ते म्हणायला तुम्ही नाही, म्हणून हे भांडण मी एकतर्फी जिंकू शकते. पण मजा नाही हो त्यात. एक दिवसाचीसुद्धा मजा नाही.

मृग बहार धरला तेव्हापासून तुम्ही इथंच होत्या. उन्हाळ्यात झाडांना ताण दिला, पावसाच्या पाण्यावर फुलं आली, आणि तुम्ही सगळा पावसाळा छत्री घेऊन त्या चराच्या काठानं फिरल्या. माझ्या चराच्या! वाहतो का नाही हे बघत. काडीकचरा अडकला की छत्रीच्या दांडीनं काढायच्या. मी घरातून बघत होते. विचारलं की म्हणायच्या, "पाय मोकळे करून राहिली."

फळाला रंग चढायला लागला आणि त्या सकाळी चहा पिता पिता तुम्ही म्हटलं, "मी मेली-बिली तर तोड थांबवू नका. फळ कोनासाठी थांबत नाई." मी म्हटलं, बाई, काहीबी बोलू नका. दुपारी जेवल्या, उन्हात खाट टाकून पडल्या. मी भांडी घासून आले तर तुमचा हात खाली लोंबत होता. मी तो उचलून वर ठेवला, पांघरूण ओढलं, आणि मग मला कळलं.

मी काय करू सांगा. मले करमत नाही. चहा दोन कप ठेवते. सकाळी वावरात काही चुकलं तर मागे वळून बघते, आता कोणी बोलणार म्हणून, आणि कोणीच बोलत नाही. तुमच्यासारखं मला कोणी टोचलं नाही आणि तुमच्यासारखं मला कोणी मोठंही केलं नाही. मला कलम बांधता येतं, बाई. या वयात मला नवीन काम येतं. माहेरच्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, तुम्ही हाताला शिकवलं. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. तुम्ही "बस्स झालं" म्हणून उठून गेल्या असत्या.

तोड आम्ही थांबवली नाही. तुमचे भाऊ रक्षा नदीला घेऊन गेले नाहीत. खालच्या वावरात चराच्या कडेला खड्डा केला, त्यात ती घातली आणि वर विहारामागच्या झाडाचं एक रोप लावलं. न बांधलेलं, नुसतं आंबट. मी म्हटलं, यावर काडी बांधू का? त्यांनी मान हलवली. राहू द्या म्हणे.

आणि काय फळ आलंय बाई! वरच्या वावरातल्या तिन्ही पट्ट्यांची फळं आणि खालची, अशी मी शेजारी शेजारी मांडली. खालचं फळ हातात मावत नाही. साल चकचकीत, एकही तडकलेलं नाही, तेल्याचा डाग शोधून सापडत नाही. आंबटपणा? औषधालासुद्धा नाही. तोडायला आलेल्या बाया दोन दिवस वाकून खात होत्या आणि मी त्यांना रागावत नव्हते. विहारातल्या म्हाताऱ्या बाया मुद्दाम बघायला आल्या. एकीनं विचारलं, हे आपल्या विहारामागच्या झाडावरचं? मी म्हटलं, त्याच्या मुळावरचं. तिनं फळ कपाळाला लावलं. हे सगळं तुम्ही बघायला हवं होतं, छाती काढून, "वरुडपासून आता अकोटपावतर" म्हणत. तुम्ही म्हटलं असतं. आणि मी ऐकून घेतलं असतं.

एवढं लिहून झालं होतं, आणि बाई, आत्ता तो आला. भट्टीवाला.

मी दारात लिहायला बसले होते, तुमचे भाऊ अंगणात फळं क्रेटमध्ये भरत होते. मोटरसायकल लावली, ढिगाकडे बघितलं, एक फळ उचललं. मग म्हणाला, "बहार झाला ना भाऊ? आपलं बोलनं झालतं. एक बहार तर कसाबी येते. पुढच्या पावसात पाहा काय रायते थे. मी कधी गाड्या लावू?"

तुमच्या भावांनी ढिगातलं एक फळ उचललं. मी उठले होते, तोंड उघडलं होतं, तुमच्या वाटणीचंही बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी हातातलं फळ क्रेटमध्ये नीट ठेवलं.

"थे वावर माह्यं नाई," ते म्हणाले. "बाईचं हाय."

तो हसला. "सातबाऱ्यावर तर तुमचं नाव हाय."

"नाव माह्यं हाय. वावर बाईचं हाय. तिले इचारा."

"बरं, बाई कुठी हाय?"

"वावरात. चराच्या कडीले."

त्याला काही माहीत नाही, बाई. अकोटपलीकडचा माणूस, त्याला कोण सांगणार? त्यानं फळ खिशात घातलं आणि खरंच निघाला खालच्या अंगानं, पायवाटेनं. तुमचे भाऊ पुन्हा फळं भरायला लागले आणि रडून राहिले, आणि पुसतही नाहीत. मी दारात उभी राहून त्या माणसाले जाताना पाहून राहिली. आता तो नाल्याजवळ पोचला असन.

बाई, आला तर त्याले नाईच म्हणजा.